भिवा तांडेलाची पोथी

१० ऑगस्ट १९५३, सोमवार. कन्नड.

आज दोनदा बोलणी खाल्ली आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. मोटर कन्नडला पोचून रिकामी झाली तरी मी बाकावरून हललो नव्हतो. किलीनरनं खांदा धरून हलवलं आणि विचारलं, "क्या भाई, यहींच घर बसाते क्या?" मी घाईनं उतरलो, तर गुरांच्या लसीची पेटी टपावरच राहिली. मोटर वळून निघाली होती. बाजारपेठेतून ओरडत तिच्यामागे धावलो आणि लोकांची चांगलीच करमणूक केली.

कारण एकच, 'तांबड्या शिडाचं गलबत'. उस्मानपुऱ्यातल्या वाचनालयातून ही कादंबरी उचलली ती केवळ जाड होती म्हणून. डोंगरात दोन आठवडे काढायचे तर पानं पुरायला हवीत, एवढाच विचार होता. शहर सुटल्यावर पहिलं पान उघडलं. दौलताबादचा किल्ला कधी मागे पडला कळलं नाही. वेरूळला मोटर थांबली होती म्हणे.

कोकणातला एक तांडेल आहे, गलबत हाकणारा. भिवा त्याचं नाव. लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात तो गलबत घेऊन जातो आणि चाचे त्याला धरतात. किनाऱ्यावर त्याची बायको सुभद्रा आणि म्हातारी आई वाट पाहत राहतात. गोष्ट एवढीच, पण लिहिणाऱ्यानं काय जादू केली आहे! मी समुद्र पाहिलेला नाही. माझं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे हर्सूलचा तलाव. तरी आज बाकावर बसल्याबसल्या मी समोरचा दांडा घट्ट धरून होतो, आणि ते मोटरच्या धक्क्यांमुळे नव्हे.

माझी सगळी शाळा उर्दूत झाली. मराठी ही घरात बोलायची भाषा. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, तेव्हा मी मिशा फुटलेला घोडा होऊन मराठी वाचायला बसलो. छापलेली मराठी माणसाला असं बुडवून ठेवते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

१२ ऑगस्ट, बुधवार. चिंचखोरी.

काल कन्नडहून बैलगाडीनं निम्मी वाट आणि पुढं पायी आलो. गाव अगदी डोंगराच्या कडेला आहे. कडेवरून खाली पाहिलं की खानदेश दिसतो म्हणतात, मला फक्त ढग दिसले. ते पायाखाली होते, हे लिहूनही खरं वाटत नाही. मी बराच वेळ तोंड उघडं टाकून उभा राहिलो.

गुरांत बुळकांडीची साथ आहे म्हणून मला पाठवलंय. सगळ्या गुरांना लस टोचायची आणि नंतर ती तापतात, ती उतरेपर्यंत लक्ष ठेवायचं. तोवर गावातलं जनावर बाहेर जायचं नाही आणि मीही जायचं नाही. भैरोबाच्या देवळाला लागून एक खोली आहे, तिथं माझं बिऱ्हाड. गावच्या पाटलांचं नाव कारभारी, साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी माझी पेटी स्वतः उचलून आत ठेवली.

आज दिवसभर टोचत होतो. सगळ्यात जास्त मदत झाली ती रामकिसनची. तिशीचा विधुर गडी आहे, शिंगं धरून बैल असा उभा करतो की बैलालाही वाटावं हे आपल्याच मनात होतं. ढोरांना एवढा जीव लावणारा माणूस मी पाहिला नाही. दिवसातून तीनतीनदा बैलाला आडावर पाण्याला नेतो.

भिवानं बेडी तोडली आहे! जेवण गार झालं.

१३ ऑगस्ट, गुरुवार.

आज गावानं मला वाचताना पकडलं. टोचणी आटोपून देवळाच्या मंडपात बसलो होतो. मान वर केली तर समोर कारभारी पाटील, त्यांच्यामागे चार-पाच माणसं, बाजूला पाण्याच्या घागरी घेतलेल्या बाया. किती वेळ उभे होते देव जाणे.

"काय वाचू लागले, डागदर?" पाटलांनी विचारलं.

"कादंबरी आहे, पाटील. नुसती गोष्ट."

"देवाची?"

"माणसाची. एका तांडेलाची."

"मंग त्याला देव भेटतो का?"

"अजून तरी नाही भेटला. मी निम्म्यावर आलोय."

"भेटंल की," पाटील म्हणाले आणि समोर टेकले. "आमचा पोथी वाचनारा बुवा औंदा लेकाकडं कन्नडला राह्यला. श्रावण लागला, अन् गाव बिनपोथीचं हाये. तुमी लावा ही."

मी हसलो. मग पाहिलं की कुणीच हसत नाही. मी समजावून सांगितलं, ही करमणुकीची गोष्ट आहे, हिचं पुण्य नाही, माहात्म्य नाही. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं.

"डागदर, छापलेली हाये, जाड हाये, अन् वाचताना तुमच्या डोळ्याला पानी आलं ते म्या पाह्यलं. पोथीला आनिक काय लागतं?"

उद्यापासून रोज दुपारी पोथी. वाचणाऱ्यानं आंघोळ करून बसायचं, आणि एकदा लावलेली पोथी समाप्तीविना सोडायची नाही. मला पुन्हा पहिल्या पानापासून वाचावं लागणार. खरं सांगायचं तर मनातून मी खूश आहे.

१४ ऑगस्ट, शुक्रवार.

चौरंग मांडला, त्यावर नवा खण, खणावर कादंबरी. वेष्टणावरच्या गलबताला हळदकुंकू लागलं. वाचनालयाचे चिटणीस पाहतील तर तिथंच बसतील.

मंडप भरला होता. बाया एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या. पायरीवर युसूफचाचा, बांगड्या भरणारे. आसपासच्या वाड्यांतून हिंडतात, पण घर इथंच. मी वाचू लागलो. पहिल्या दोन पानांत माझाच आवाज मला परका वाटला, मग मी आवाज विसरलो. समुद्राचं वर्णन आलं तेव्हा युसूफचाचांनी हात वर केला.

"म्हाराज, ये दर्या कित्ता बडा रैता?"

सकाळपर्यंत मी डागदर होतो, आता महाराज झालो. मी म्हणालो, इथून खानदेशापर्यंत जेवढे ढग दिसतात, तेवढं सगळं पाणी समजा. सगळ्यांनी एकदम कडेकडे पाहिलं. मीही पाहिलं. खरंच, समुद्रच होता तो.

१६ ऑगस्ट, रविवार.

वादळाचा भाग वाचला. असं ऐकणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. डोलकाठी मोडली तेव्हा एका म्हाताऱ्यानं मंडपाचा खांब धरला. बायांनी पोरं मांडीवर ओढली. पुढे भिवा निर्जन बेटावर तहानेनं तडफडतो, तिथं मी थांबलो, तर रामकिसन उठला आणि गार पाण्याचा तांब्या भरून पोथीपुढे आणून ठेवला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शहरात आम्ही पुस्तक वाचतो आणि मिटून उशाशी ठेवतो. इथं माणसं त्याला पाणी पाजतात.

वाचन संपल्यावर एक बाई रोज एकच प्रश्न विचारते. "तांडेल जिता हाये का मेला, म्हाराज?" आज पाटलांकडे चौकशी केली. तिचं नाव मनकर्णाबाई. पाटलांच्या सख्ख्या पुतण्याची, फकिराची, बायको. पाच वर्षांपूर्वी रझाकारांच्या धामधुमीत फकिरा घाट उतरून पलीकडे, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला. पोलीस ॲक्शन झाली, बाकीचे परत आले, तो आला नाही. कुणी म्हणतं चकमकीत गेला, कुणी म्हणतं मुंबईला गिरणीत दिसला. घरात ती आणि सासू साळूबाई. दोघींचं वावर रामकिसनच कसून देतो. परोपकारी माणूस आहे.

म्हणजे सुभद्राच की! पुस्तकातली सुभद्रा या डोंगरावर घागरी भरते आहे, आणि मी तिलाच तिची गोष्ट वाचून दाखवतोय. तिच्या प्रश्नाला मी म्हणालो, "धीर धरा, बाई. जिवंत आहे तो." तिनं मान खाली घातली आणि घागर उचलून गेली. बिचारीला भरून आलं असावं.

१८ ऑगस्ट, मंगळवार.

आज पोथीत भिवाची आई वारली. मुलाच्या वाटेकडे डोळे लावून, दारातच. अध्याय संपला, तर सगळा गाव उठून ओढ्याकडे चालू लागला. मला वाटलं काही अपघात झाला. पाटील म्हणाले, "चला म्हाराज, आंघुळीला. मयत झालं ना." आणि आम्ही सगळ्यांनी, बायांनी वरच्या अंगाला, बाप्यांनी खालच्या, भिवाच्या आईच्या नावानं आंघोळ केली. युसूफचाचाही पाय धुऊन आले.

रात्री कुणाच्या घरी फोडणी पडली नाही. मलाही दूधभाकर आली.

२० ऑगस्ट, गुरुवार.

गुरांचे ताप उतरू लागलेत. सकाळी मला राहवलं नाही, मी माझ्यापुरतं पुस्तक शेवटपर्यंत वाचून टाकलं.

भिवा येत नाही. इतक्या बेड्या तोडून, इतके समुद्र पालथे घालून तो घराच्या खाडीच्या तोंडाशी येतो आणि तिथंच खडकावर गलबत फुटतं. सकाळी वाळूला फक्त तांबडं शीड लागतं. सुभद्रा ते उचलते, घडी करते आणि घरी जाते. बस्स. एवढ्यावर संपवलंय.

मी खोलीचं दार लावून घेतलं आणि रडलो. वाईट वाटलं म्हणूनच नव्हे. असं कुणी लिहू शकतं, यानंही रडू आलं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार.

फार मोठा पेच पडला आहे.

वाचनानंतर पाटलांनी सगळ्यांना बसवून ठेवलं. म्हणाले, फकिराचं काय करायचं म्हणून दरसाल भैरोबाला कौल लावतो. देवाच्या अंगावर फूल चिकटवतो. उजवं पडलं तर तो जिता, डावं पडलं तर नाय. पण दरसाल फूल जागचं हलतच नाही. देवाला बोलायचं नाही, तर त्यानं यंदा ही पोथी धाडली. माणूस तसाच, बाई तशीच, माय तशीच. आता पोथी सांगंल ते खरं. तांडेल घरी आला, तर फकिराही येणार, मनकर्णेनं वाट पाहायची. नाही आला, तर पळसाच्या पानांचा माणूस करून फकिराची क्रिया करायची, आणि सून मोकळी. समाप्ती पुनवेला.

मी म्हणालो, "पाटील, ही कुणीतरी घरात बसून रचलेली गोष्ट आहे. तिच्यावर कुणाचा जन्म टांगू नका."

"समद्याच पोथ्या कुनीतरी बसून लिव्हल्यात, म्हाराज," पाटील शांतपणे म्हणाले. "देव कुठून बोलंल, आपल्याला काय ठावं?"

मी साळूबाईंकडे पाहिलं, मनकर्णाबाईकडे पाहिलं. दोघींनी मान डोलावली. आता शेवट मला एकट्याला माहीत आहे. पुनवेला मी तो वाचला की फकिरा मेला, आणि त्याला मारणारा मी. त्या सुभद्रेचं कपाळ माझ्या तोंडानं पांढरं होणार. पुस्तक उघडायचीही भीती वाटते. वीतभर कागदांत एवढं बळ असू शकतं?

२३ ऑगस्ट, रविवार.

सकाळी साळूबाई आल्या. पदराखाली ताकाची चरवी होती. उंबऱ्याशीच बसल्या.

"म्हाराज, तुमाला सेवट ठावा हाये ना?"

मी पुस्तक उशाखाली सरकवलं.

"नगा सांगू. निस्तं येवढं करा, माझ्या लेकराला मारू नगा." एवढंच म्हणाल्या. चरवी ठेवून निघून गेल्या. मी ताक पिऊ शकलो नाही.

दुपारी गोठ्यांतून फिरताना आडापाशी मनकर्णाबाई भेटली. रामकिसन पलीकडे बैलाला पाणी पाजत होता. ती इकडेतिकडे पाहून घाईघाईनं म्हणाली, "म्हाराज, सासूबाई तुमच्याकडं येऊन गेल्या, मला ठावं हाये. तुमी कुनाची भीड धरू नगा. जे लिव्हलंय तेच वाचा."

"आणि वाईट लिहिलेलं असलं तर?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. "वाईट काय अन् चांगलं काय," ती म्हणाली. "येकदाचं कळू द्या." रामकिसनच्या हातातला दोर सुटून चिखलात पडला आणि त्याला पत्ताही नव्हता, तो आमच्याकडेच पाहत होता.

केवढं धैर्य बाईचं! विष असलं तरी द्या म्हणते. पण मी देणार नाही. ठरलं माझं. भिवा घरी येईल. लिहिणारा आपल्या घरात सुखानं बसला आहे, त्याला या डोंगरावर काय चाललंय माहीत नाही. त्यानं एक शेवट लिहिला, मी दुसरा सांगीन. दोन बायकांचा जीव वाचेल आणि कुणाचं नुकसान होणार नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार. श्रावणी पौर्णिमा.

जसं झालं तसं लिहितो.

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पोथीपुढे नारळ, राख्या, फुलं. एक राखी कुणीतरी पुस्तकालाच बांधली होती, ती सोडवून मी शेवटचा अध्याय काढला. साळूबाई अगदी समोर होत्या. मनकर्णाबाई त्यांच्या मागे, पदर तोंडावर. रामकिसन नेहमीसारखा लांब, खांबाला टेकून.

खाडीच्या तोंडापर्यंत मी लिहिलेलंच वाचलं. मग पान तसंच धरून ठेवलं आणि मनानं सांगू लागलो. खडक चुकला. धुकं फाटलं. तांबडं शीड उन्हात आलं. भिवानं कमरभर पाण्यात उडी टाकली आणि तो चालत काठाला आला. सुभद्रा धावली. मंडपातून असा श्वास सुटला की मला वाटलं देवळाचं छत वर उचललं जाईल. कुणीतरी "बोला भैरोबाच्या नावानं" म्हणून ओरडलं. मला स्वतःच्या आवाजाची भूल पडली होती.

साळूबाई गुडघ्यांवर पुढे सरकल्या.

"अन् माय?" त्या म्हणाल्या. "माय कुठंय त्याची? माय आली नाय काठाला?"

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्यांना आणखी द्यावंसं वाटलं. मी म्हणालो, "आली तर! हातातली काठी टाकून धावत आली. तिनं त्याला पोटाशी धरलं, तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, लई वाळलास रे लेकरा."

साळूबाईंनी डोळे मिटले. जे मी बोललो ते त्या पीत होत्या, दुसरा शब्द मला सुचत नाही. आणि मग मंडपातले आवाज एकेक करून बंद झाले. मला कळेना काय झालं. मी पाटलांकडे पाहिलं, त्यांनी नजर खाली घातली.

साळूबाईंनी डोळे उघडले.

"माय तर मेली, लेकरा," त्या म्हणाल्या. "मंगळवारी. आपुन समद्यांनी आंघुळी केल्या."

मी काहीतरी पुटपुटलो, चुकून पान मागचं लागलं वगैरे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. राग नव्हता. पडलेल्या पोराकडे पाहावं, तसं त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"तू मनानं सांगू लागला. म्हंजी पोथीत तो आला नाय."

त्यांनी चौरंग दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवला.

"माझ्यापायी खोटं बोलला. काल म्याच तुला गळ घातली," साळूबाई म्हणाल्या. "पन खोटा जिता केलेला लेक मला नगं. वाच आता. जे हाये ते वाच. माझ्याकडं बघू नगं."

मी वाचलं. गलबत फुटलं. सकाळ झाली. वाळूला तांबडं शीड लागलं. सुभद्रेनं ते उचललं, घडी केली आणि ती घरी गेली. पुस्तक मिटलं तेव्हा मला समोरचं दिसत नव्हतं.

साळूबाई रडल्या नाहीत. त्यांनी नारळ उचलून पाटलांच्या हातात दिला. "फोडा. समाप्ती झाली." मग त्या मागे वळल्या. मनकर्णाबाई पदरात तोंड घालून हुंदके देत होती, तिचं सगळं अंग हलत होतं. मी मनाशी म्हणालो, हे माझं काम. साळूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रड. मोकळी हो. कशाचं रडू हाये ते मला ठावं हाये. मला लई दिसांपासून ठावं हाये."

मला वाटलं सासूचं दुःखानं भान गेलं आहे.

२५ ऑगस्ट, मंगळवार.

ओढ्याकाठी पळसाच्या पानांचा माणूस केला. साळूबाईंनी स्वतः पानं लावली. छातीशी आल्यावर म्हणाल्या, "रुंद करा. रुंद होता तो." पाटलांनी चुलता म्हणून अग्नी दिला. ओली पानं धरेनात. साळूबाई फुंकर घालत होत्या. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याला जळताना पाहिलं, आणि तो पानांचा होता हे एकदाही मनात आलं नाही.

परत येताना साळूबाई वाटेत थांबल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी हाक मारली.

"रामकिसन! लांब लांब कामून चालतोस? लई दिवस बैलाचं निमित्त करून आडावर पानी पाजलंस. आता घरात ये, घरातलं पी. मनकर्णा माझी सून व्हती, आजपासून लेक हाये. सुतक फिटलं की तुमचा दोघांचा पाट लावून द्यायचा, मी देते."

रामकिसन वाटेत मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. मनकर्णाबाईनं मात्र डोळे पुसले. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. पंचविशीची पोर आहे. मी तिला इतके दिवस सुभद्रा समजत होतो.

मी वाटेतच थांबून एकदा तिच्याकडे, एकदा रामकिसनकडे पाहत होतो. शेजारून युसूफचाचा म्हणाले, "क्या म्हाराज, तुमकू मालूम नै था? पूरे गांव कू मालूम था."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमकू किताब से फुरसत मिली तो बोलेंगे ना."

खोलीवर येऊन या वहीची मागची पानं वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय. बैल, आड, खांब, तिचा रोजचा प्रश्न. 'जिता हाये का मेला' या प्रश्नातलं कोणतं उत्तर तिला हवंय, हे मी एकदाही विचारलं नाही. आणि मी शेवट बदलून तिला जन्मभर त्या आडावर उभी करणार होतो, तेही पुण्य म्हणून! वाचवलं ते ज्या बाईनं मला गळ घातली तिनंच, आणि त्यासाठी तिनं आपला मुलगा दिला.

२७ ऑगस्ट, गुरुवार. कन्नडच्या वाटेवर, गाडीत.

गुरं ठणठणीत आहेत, माझं काम संपलं. सकाळी सगळ्यांचा निरोप घेतला. मनकर्णाबाई वाकून नमस्कार करायला आली तेव्हा मीच मागे सरलो. रामकिसननं पेटी डोक्यावर घेतली आणि उताराकडे पुढे गेला.

वेशीपाशी झाडाखाली साळूबाई बसल्या होत्या. एकट्याच. मी पाया पडलो.

"पोथी घेतली ना?" त्यांनी विचारलं.

"घेतली, मावशी."

"पयल्या पानावर तो जिता हाये ना रं?"

मी पिशवीतल्या पुस्तकावर हात ठेवला. मग म्हणालो, "आहे."

"काय करू लागला?"

"जेवायला बसलाय. गलबत अजून काठालाच आहे. दुसऱ्या दिवशी निघायचंय."

"अन् माय?"

"माय समोर बसून वाढतेय. आणखी अर्धी घे म्हणते."

साळूबाईंनी पदर सारखा केला आणि मांडी घालून नीट बसल्या, मंडपात बसत तशाच.

"तेवढंच वाच," त्या म्हणाल्या. "फुडचं नगं."

खाली उतारावरून रामकिसन हाका मारत होता. मी पिशवी खाली ठेवली, त्यांच्यासमोर मातीत बसलो आणि पहिलं पान उघडलं.